ब्लूटंगच्या पेटीत हिरवी जमीन: प्रकल्प नोंदी, पश्चिम सिडनी

८ मार्च २०२५: मापं आणि हिशेब

पेटी मेलामाइन फळीची. आतून ११८ × ५८ सें.मी., उंची ६० सें.मी., समोर सरकत्या काचा. आत राहणारा एकच: पूर्ण वाढलेला ईस्टर्न ब्लूटंग (टिलिक्वा सिंकॉइडस), लांबी ५० सें.मी., वजन ४८० ग्रॅम. आपल्याकडच्या सापसुरळीच्याच कुळातला, पण अंगाने थोराड, पाय तोकडे, पोट जवळजवळ जमिनीला टेकलेलं. सगळा विचार या पोटापासून सुरू होतो. चालताना ते सतत घासत राहतं. जमीन ओली राहिली तर पोटाखालचे खवले सडतात. फार कोरडी, धुळकट राहिली तर कात नीट सुटत नाही, बोटांवर कड्यासारखी अडकते आणि बोट गमावण्यापर्यंत वेळ येते.

आतापर्यंत खाली झाडाच्या सालीचे तुकडे होते. वरून स्वच्छ दिसतात, पण पाण्याच्या भांड्याभोवतीचा खालचा थर काही आठवड्यांत कुजतो आणि बाकीची पेटी कोरडी ठणठणीत. आता हवी आहे ती शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो तशी जमीन: वरचा थर कोरडा, बोटभर खाली ओल, आणि मुळांनी धरून ठेवलेली.

पेटीभर एकसंध माती घालायची नाही, हे आधीच ठरवलं. १२ सें.मी. थर म्हणजे ८२ लिटर माती, ओली असताना शंभर किलोच्या वर. पण वजन ही दुय्यम अडचण. खरी अडचण अशी की अर्धा किलोचा प्राणी रोज त्याच वाटेने फिरतो आणि अखंड तुडवणं कुठलंही नाजूक रोप सोसत नाही. कुरणालाही चराईनंतर विसावा लागतो. म्हणून जमीन सुट्या ट्रेंमध्ये: काही आत, तितकेच बाहेर विश्रांतीला.

परवान्याबद्दल एकदाच लिहून ठेवतो. न्यू साउथ वेल्समध्ये ब्लूटंग पाळायला राज्य सरकारचा परवाना लागतो आणि बागेत सापडलेला उचलून पेटीत ठेवता येत नाही. भारतातून वाचणाऱ्यांसाठी: ही पद्धत घोरपडीला किंवा तारा कासवाला लावायची म्हणून वाचू नका. त्यांना घरात ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे.

९ मार्च: ट्रे आणि तळ

६ मि.मी. पीव्हीसी शीटचे ट्रे, ३८.५ × २८.५ सें.मी., उंची १२. पेटीत मागे तीन, पुढे तीन अशा सहा जागा बसतात. मागे उजवीकडची जागा ऊन घेण्याच्या दगडाला, मागे डावीकडची (थंड टोक) पालापाचोळ्याच्या खणाला. उरलेल्या चार हिरव्या. ट्रे मात्र आठ केले.

प्रत्येक ट्रेची रचना खालून वर: २ सें.मी. स्कोरियाचे (ज्वालामुखीचा सच्छिद्र खडा) तुकडे, त्यावर जिओटेक्स्टाइल (माती अडवणारं, पाणी जाऊ देणारं) कापड, मग ९ सें.मी. माती. कडेपासून १ सें.मी. रिकामं. एका कोपऱ्यात २० मि.मी. व्यासाचा पाइप, तळापर्यंत उभा, खालचं टोक तिरकं कापलेलं, वर टोपण. पाणी फक्त या पाइपातून. वरून झारीने पाणी घातलं की नेमका पोटाखालचा थर भिजतो आणि तेच टाळायचं आहे. टोपण विसरायचं नाही, कारण उघड्या पाइपात स्लेटर (पाचोळा खाणारे, अनेक पायांचे बारीक जीव, ते नंतर पेटीत सोडायचे आहेत) पडून मरतात आणि पाणी घाण होतं.

ट्रेच्या बाजूला तळापासून दीड सें.मी. उंचीवर ८ मि.मी.चं भोक, त्याला रबरी बूच. आत असताना बूच बंद, बाहेर पावसात असताना उघडं. स्कोरियाच्या थरात भोकाच्या पातळीपर्यंत साधारण पाऊण लिटर पाणी मावतं. भरलेला ओला ट्रे १६ किलोच्या आसपास जातो. दोन बाजूंनी पट्टे लावले तरच काचेच्या चौकटीवरून सुखरूप उचलता येतो.

मेलामाइनला पाण्याची धास्ती असते. फळीच्या कापलेल्या कडेत थेंबभर पाणी शिरलं की भुसा फुगतो, आणि एकदा फुगलेला परत बसत नाही. तळावर तळ्यासाठी वापरतात ते ईपीडीएम रबर अखंड अंथरलं, चारही बाजूंनी १४ सें.मी. वर चढवलं, कड सिलिकॉनने बंद केली. सिलिकॉन बुरशीनाशक न घातलेलं पाहून घ्यावं. न्हाणीघराचं बहुतेक सिलिकॉन बुरशीनाशकवालं असतं. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे आठवडाभर, पेटी उघडी.

ट्रे बसल्यावर लांबीत अडीच आणि रुंदीत एक सें.मी. फट उरते. तिथे बुचाच्या लाकडाच्या पट्ट्या घट्ट ठोकल्या. दोन ट्रेंच्या लागून असलेल्या कडांवर एकच रबरी पन्हाळीची पट्टी. नख अडकेल अशी एकही फट राहता कामा नये. ब्लूटंग अडकलेला पाय मागे घेत नाही, पुढेच ओढतो.

दगड सिडनीच्या पिवळ्या वालुकाश्माचा, ४० × ३० × ४ सें.मी., ११ किलो. तो मातीवर ठेवायचा नाही. खाली चार विटांचे पाये, थेट तळावर. मातीवर ठेवलेल्या जड दगडाखाली प्राणी उकरत जातो आणि दगड त्याच्यावर बसतो.

१५ मार्च: माती

आठ ट्रेंसाठी ८० लिटर, बसल्यावर ७४-७५ होते. वाळूमिश्रित पोयटा ४० लिटर, धुतलेली जाडी नदीची वाळू १६, भिजवून पिळलेलं कोकोपीट १६, पानांचं पूर्ण कुजलेलं खत चाळून ८. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. कोकोपीटही दोन पाण्यांतून धुतलं, त्यातही क्षार असतात.

रोपवाटिकेचं पिशवीबंद पॉटिंग मिक्स मुद्दाम घेतलं नाही. त्यात पर्लाइटचे पांढरे दाणे असतात, संथ सुटणाऱ्या खताच्या गोळ्या असतात, आणि ब्लूटंग चारा घेताना सोबतचं काहीही गिळतो.

माती कालवताना मास्क आणि हातमोजे, माती आधी ओलसर केलेली. लिजिओनेला लाँगबीची नावाचा जिवाणू ऑस्ट्रेलियात पॉटिंग मिक्स आणि कंपोस्टमध्ये आढळतो, त्याची धूळ श्वासात गेली तर न्यूमोनिया होतो. पिशव्यांवर तशी सूचना छापलेली असते. गॅरेज बंद ठेवून कोरडी माती ओतणं हा यातला सर्वांत वाईट प्रकार.

मिश्रणाची परीक्षा नेहमीची: मूठ आवळली की लाडू वळावा, अंगठ्याने टोचलं की फुटावा. पाणी ठिबकलं तर कोकोपीट जास्त झालंय. लाडूच वळला नाही तर वाळू जास्त. अशा मातीत बिळाचं तोंड ढासळतं.

१६ मार्च: लागवड

*ट्रे १, २, ३:* डायकॉन्ड्रा रेपेन्स, इथे किडनी वीड म्हणतात. गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराची, रुपयाच्या नाण्याहून लहान पानं. खोड जमिनीवर सरपटतं आणि पेऱ्यापेऱ्याला मूळ धरतं. एखादा भाग चिरडला तरी दोन्हीकडची पेरी जगतात, हा तिचा मोठा गुण.

*ट्रे ४, ५, ६:* मायक्रोलीना स्टिपॉइडस, म्हणजे वीपिंग ग्रास. सावली सोसणारं देशी गवत. प्रत्येकात एक बुटकी लोमँड्रा (गवतासारखी झुपक्याची वनस्पती), आडोशासाठी.

*ट्रे ७:* निम्मी डायकॉन्ड्रा, निम्मी व्हायोला हेडेरेसिया (देशी व्हायोलेट). ओल जास्त लागते म्हणून ही पाण्याच्या भांड्याजवळच.

*ट्रे ८:* थेमेडा ट्रायँड्रा, कांगारू ग्रास. हेच गवत आपल्या सह्याद्रीच्या उतारांवरही वाढतं. ते पेटीत टिकेल याची खात्री नाही, पण पाहायचं आहे.

रोपं सगळी ५ सें.मी. नळकुंडीतली, ट्रेमागे १२, एकमेकांपासून ९ सें.मी. वर. लावण्याआधी प्रत्येकाची मुळं बादलीत बुडवून जुनी माती पूर्ण धुतली. धुताना खताच्या पिवळसर गोळ्या तळाला बसतात. एकेका रोपातून पंधरा-वीस निघाल्या. मुळांतून भिनणारं कीटकनाशक वापरलंय का, हे रोपवाटिकेत विचारलंच पाहिजे, कारण ते धुऊन जात नाही. उत्तर नक्की मिळत नसेल तर ती रोपं सोडून द्यावीत. आपली रोपं न फवारलेली आहेत, तरी पहिले सहा आठवडे प्राणी यांच्यावर येणार नाही. मुळं धरायलाही तेवढा वेळ हवाच.

मायोपोरमची (क्रीपिंग बूबियाला) रोपं स्वस्त होती, जमीन सुरेख झाकतात, तरी घेतली नाहीत. या प्रजातीच्या काही जातींत यकृताला घातक असं नगायोन असतं आणि ब्लूटंग पानं-फुलं खातो. मनी प्लांटही नको: पानांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात.

एका साध्या प्लास्टिक ट्रेमध्ये चाचणी म्हणून गहू पेरला. हॅरिस पार्कच्या किराणा दुकानातला खायचा गहू, २५० ग्रॅम, १२ तास भिजवलेला. शेतीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, ते वापरायचं नाही.

२९ मार्च: गव्हांकुराचा ट्रे बाद

सातव्या दिवशी गव्हांकुर देखणे होते. नवव्या दिवशी १४ सें.मी., स्वतःच्या भाराने कलंडू लागले. आज तेराव्या दिवशी पातं बाजूला सारून पाहिलं तर बुडाशी राखाडी बुरशीचं जाळं, दाण्यांना आंबूस वास, आणि बोट घातलं तर आत गरम लागतं. दाणे एकमेकांना चिकटून, मध्ये हवा नाही, आणि उरलेलं पीठ कुजतंय. शिवाय मुळं मातीत खोल न जाता दाण्यांच्या थरातच गुंतलेली, त्यामुळे सगळं चटईसारखं सुटून येतं. प्राण्याने एकदा नाक खुपसलं की अख्खी चटई उलटेल.

गव्हांकुर चारा म्हणून कापून द्यायला ठीक. जमीन म्हणून नाही.

२६ एप्रिल: मुळांची परीक्षा, उजेड

प्रत्येक ट्रेमधली तीन रोपं दोन बोटांत धरून हलकेच ओढली. डायकॉन्ड्रा जागची हलत नाही, मधल्या जागा जवळपास भरल्या. मायक्रोलीनाला फुटवे आले, पण मधली माती अजून दिसते. व्हायोलाचं मूळ सर्वांत उथळ. लोमँड्राच्या बुंध्याभोवती तळहाताएवढे चपटे दगड अर्धे पुरले, नाहीतर ब्लूटंग पहिल्याच दिवशी बुंधा उकरतो.

दिवे बसवले. रोपांसाठी ४५ वॉटच्या दोन ६५०० केल्विन एलईडी पट्ट्या. जमिनीवर मोजलेला प्रकाश मध्यभागी १९० मायक्रोमोल, कोपऱ्यांत ११० (चौ.मी.ला, सेकंदाला). १२ तास चालू. प्राण्यासाठी १०० वॉटचा हॅलोजन फ्लड, डिमिंग थर्मोस्टॅटवर (तापमान पाहून दिवा मंद करणारा), आणि उष्ण अर्ध्यावर ६ टक्के यूव्हीबीची (उन्हातले अतिनील किरण देणारी) टी-५ नळी. दगडावर यूव्ही निर्देशांक ३.५, दगडाचं तापमान ३९ अंश, थंड टोकाला २४. या एलईडीतून यूव्हीबी मिळत नाही आणि यूव्हीबी नळीच्या उजेडावर गवत वाढत नाही. दोन्ही वेगवेगळे लावावेच लागतात.

दगडाच्या कडेपासून ८ सें.मी.पर्यंत मातीचं तापमान ३४, त्यापुढे २९. त्या ८ सें.मी.मध्ये काही लावायचं नाही. तिथे चपटे दगड.

पालापाचोळ्याच्या खणात पोर्सेलिओनायडीस प्रुइनोसस जातीचे ४० स्लेटर आणि स्प्रिंगटेलचा (मातीतले उड्या मारणारे बारीक जीव) एक डबा सोडला.

३ मे: ट्रे आत, प्राणी आत

आत: पुढे डावीकडे ७, पुढे मध्ये १, पुढे उजवीकडे ४, मागे मध्ये ८. बाकी चार घरामागच्या मांडवावर.

पहिला तास त्याने नुसती जीभ काढत फेरी घातली. मग ट्रे १ वर पसरून बसला. डायकॉन्ड्राची पानं त्याच्या पोटाखाली आडवी झाली, देठ वाकले पण तुटले नाहीत. तो उठल्यावर चार तासांनी निम्मी पानं पुन्हा उभी होती, दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे बसला होता ते शोधावं लागलं. मायक्रोलीनाचं पातं मात्र जिथे मोडलं तिथे मोडलेलंच राहिलं. गवत खालून नवं पातं काढतं, मोडलेलं उभं करत नाही.

५ मे: रात्रीची दमट हवा

दिवसा आर्द्रता ५५ टक्के, रात्री ८२. चार ट्रे मिळून दिवसाला पाऊण लिटर पाणी हवेत सोडतात. दिवे विझले की हवा २७ वरून १९ अंशांवर येते, तेवढंच बाष्प आता हवेला जड होतं आणि काचेवर ओघळ येतात. गार आणि दमट हवा म्हणजे श्वसनमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण. हिरव्या जमिनीच्या पेट्या फसतात त्या बहुतेक इथेच. उघड्या तोंडाने श्वास, नाकाशी फुगे, मान वर करून बसणं ही चिन्हं दिसली तर थेट सरपटणाऱ्या प्राण्यांचा पशुवैद्य गाठायचा, जमीन नंतर.

बदल: समोर काचेखाली आणि मागे वरच्या बाजूला ३० × ५ सें.मी.च्या जाळीच्या खिडक्या. मागच्या जाळीबाहेर १२ सें.मी.चा संगणकाचा पंखा, ५ व्होल्टवर, संध्याकाळी ६ ते १२ दर तासाला १५ मिनिटं. पाणी फक्त सकाळी.

१० मे

आर्द्रता दिवसा ४५-५० टक्के, रात्री ६०. काच कोरडी. पाणी दर चार दिवसांनी ट्रेला ६०० मि.ली.

२५ मे: पायवाट, आणि थेमेडा बाहेर

काचेच्या कडेने ८-९ सें.मी. रुंदीचा पट्टा उघडा पडला. तिन्ही पुढच्या ट्रेंवरून सरळ जाणारी पायवाट, माती पाटीसारखी गुळगुळीत. खुरप्याचं टोक शेजारी सहज जातं, वाटेवर जात नाही. दाबल्या गेलेल्या मातीत हवेच्या पोकळ्या बंद होतात, मुळं वरच्या सेंटिमीटरमध्ये गुदमरतात. तिथे पुन्हा रोप लावणं व्यर्थ. ब्लूटंग काचेच्या कडेने चालणारच. त्याची वाट त्याला द्यायची. पुढच्या प्रत्येक ट्रेची काचेकडची ९ सें.मी.ची पट्टी आता रोपांविना, तिथे वालुकाश्माचे चपटे तुकडे मातीत बसवले. पुढच्या ट्रेमध्ये १२ ऐवजी ८ रोपं. खडबडीत दगडावर चालल्याने नखंही झिजतात, हा फायदा ठरवून केलेला नाही पण हवाहवासा.

थेमेडाची पाती ४० सें.मी. लांब, फिकट, आडवी पडलेली. हे उघड्या माळाचं, भर उन्हाचं सी-४ गवत आहे (सी-३, सी-४ म्हणजे वनस्पतींच्या अन्न तयार करण्याच्या दोन पद्धती). पेटीतला उजेड त्याला संधिप्रकाशासारखा. मायक्रोलीना सी-३, सावलीत वाढणारं, त्याच दिव्यांखाली ठीक आहे. ट्रे ८ रिकामा करून डायकॉन्ड्रा लावली, थेमेडा बाहेर मोठ्या कुंडीत. सह्याद्रीशी नातं असलेलं गवत पेटीत नाही टिकलं याचं वाईट वाटतं, पण उजेड तिप्पट केला तर प्राण्याला सावलीच उरणार नाही. मागच्या मधल्या जागी ट्रे २.

८ जून: चिलटं

मातीवर काळी बारीक चिलटं (फंगस नॅट). ती प्राण्याला चावत नाहीत. त्यांच्या अळ्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये राहून कोवळी मुळं कुरतडतात. ट्रे ७ मध्येच जास्त, कारण व्हायोलासाठी तो अधिक ओला ठेवला होता.

उपाय बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस (अळ्या मारणारा जिवाणू), पण तो पाइपातून देऊन उपयोग नाही, अळ्या असतात वर. ट्रे पेटीबाहेर काढून वरून पाण्यात कालवून दिला, दोन दिवस बाहेर सुकवला, मग आत. आठवड्याच्या अंतराने तीनदा. पिवळे चिकट कागद पेटीच्या बाहेरच. आत पडलेला चिकट कागद पोटाच्या खवल्यांना चिकटला तर खवल्यांसकट निघतो.

त्याच वेळी भिंगाने मातीतले कोळी (माइट, जाळ्यातले मोठे कोळी नव्हेत) पाहून घेतले. फिकट, मातीत फिरणारे, पाचोळा खाणारे कोळी निरुपद्रवी. काळपट, कानाच्या भोकाशी आणि डोळ्यांच्या कडेला बसणारे दिसले तर ते रक्त पिणारे ओफिओनायसस. मग सगळे ट्रे बाहेर आणि पेटी कोरी करणं आलं. आपल्याकडे पहिलेच आहेत.

२१ जून: पहिली अदलाबदल, हिवाळा

सात आठवड्यांनी चारही ट्रे बदलले. फार उशीर झाला. ट्रे ४ मधलं मायक्रोलीना तीन आठवड्यांतच विरळ झालं होतं, तेव्हाच काढायला हवं होतं.

बाहेर काढलेल्या ट्रेची देखभाल: बूच उघडलं, काट्याने माती तीन-चार सें.मी. खोल टोचून सैल केली (उलटायची नाही, मुळं तुटतात), वरून भरपूर पाणी दोनदा, म्हणजे साचलेले क्षार खाली वाहून जातात. विरळ जागी अर्धा सें.मी. ताजी माती.

विष्ठेबद्दल स्पष्ट लिहितो, कारण याबाबत गैरसमज मोठा आहे. स्लेटर आणि स्प्रिंगटेल बुरशी, पाचोळा, सुटलेले कण खातात. अर्धा किलोच्या ब्लूटंगची विष्ठा संपवणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं. ती दिसल्याबरोबर, खालच्या दोन सें.मी. मातीसकट, चमच्याने उचलायची. पांढरा युरेटचा (घट्ट झालेल्या मूत्राचा) खडा पानावर राहिला की दोन दिवसांत ते पान करपतं. खाणं कधीच मातीवर ठेवायचं नाही. फरशीच्या तुकड्यावर, तासाभरात उचललेलं.

दिवे १२ वरून ९ तासांवर. प्राणी हिवाळी सुस्तीत जातोय, खाणं बंद, पोट रिकामं असल्याची खात्री केली, पालापाचोळ्याच्या खणात बहुतेक वेळ पुरलेला. रात्री पेटी १५ अंशांपर्यंत येते.

१९ जुलै: ट्रे ५ नासला

पेटी उघडताच सडक्या अंड्यासारखा वास. ट्रे ५ मध्ये मायक्रोलीनाची पाती पिवळी, ओढली तर हातात येतात, मुळं काळी. चूक साधी. मे महिन्याच्या हिशेबाने दर चार दिवसांनी ६०० मि.ली. चालूच राहिलं, पण थंडीत, कमी उजेडात, ट्रे निम्मंही पाणी पीत नाही. स्कोरियातलं पाणी हललंच नाही, प्राणवायू संपला, माती आतून कुजली.

आता पंचांग पाहून पाणी नाही. बांबूची सळई पाइपात घालून बघायची. टोक कोरडं निघाल्यावर आणखी एक पूर्ण दिवस थांबायचं, मग पाणी. या महिन्यात ते दहा दिवसांवर गेलं. ट्रे ५ ची सगळी माती टाकली, स्कोरिया धुऊन उन्हात वाळवला.

याच सुस्तीचा एक फायदा: प्राणी हलत नाही म्हणून आतल्या डायकॉन्ड्राने उघड्या जागा भरून काढल्या.

१६ ऑगस्ट: बाहेरचे ट्रे, गोगलगाई

मांडवावरच्या ट्रे ३ मध्ये टॉर्च लावून रात्री सात गोगलगाई निघाल्या. गोगलगाय हा ब्लूटंगचा आवडता घास, आणि म्हणूनच सर्वांत मोठा धोका. शेजारच्या बागेत विषारी गोळ्या टाकलेल्या असतील तर त्या खाऊन सरपटत आलेली गोगलगाय विषाची पुडीच असते. मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांनी इथल्या बागांमधले ब्लूटंग मरतात. लोहयुक्त गोळ्या तुलनेने सौम्य म्हणून विकल्या जातात, तरी ट्रेंच्या आसपास त्याही नकोत.

नियम: विश्रांतीचे ट्रे जमिनीपासून ६० सें.मी. उंच मांडवावर, वरून जाळी. पेटीत परत जाण्याआधी शेवटचे १४ दिवस आच्छादित व्हरांड्यात, आणि त्या काळात दोन रात्री टॉर्चने तपासणी. मिळालेली गोगलगाय प्राण्याला घालायची नाही. ट्रे ६ मध्ये मुंग्यांचं वारूळ होऊ घातलं होतं. ट्रे तासभर पाण्यात बुडवून ठेवला, मुंग्या अंडी घेऊन निघून गेल्या. शेजारी तणनाशक फवारतात त्या दिवशी ट्रे आत.

१३ सप्टेंबर

प्राणी जागा, दिवे पुन्हा १२ तास, वजन ४६५ ग्रॅम. कात अखंड निघाली, बोटांवर काही अडकलं नाही, पोटाचे खवले स्वच्छ आणि चमकदार. सालीच्या तुकड्यांवर प्रत्येक कातीनंतर बोटं भिजवून सोलावी लागत, तेव्हा हा फरक महत्त्वाचा आहे. पाणी पुन्हा पाच दिवसांवर. व्हायोलाला फुलं आली. त्याने पहिल्या दिवशी तीन खाल्ली.

११ ऑक्टोबर: ट्रे किती हवेत

पाच महिन्यांवरून आता हिशेब बांधता येतो. पुढच्या तीन जागांना, पायवाटेला दगड देऊनही, रोज तुडवणं आहे. तिथे ट्रे तीन आठवडे आत राहिला तर भरून यायला सहा आठवडे बाहेर लागतात, म्हणजे एका जागेला तीन ट्रे. मागच्या मधल्या जागेला पाच आठवडे आत, पाच बाहेर, म्हणजे दोन. एकूण ११. आठवर हे भागणार नाही. विश्रांती कापली तर विरळ ट्रे परत जातो आणि दुसऱ्यांदा उघडा पडलेला ट्रे मुळापासूनच जातो.

नव्या तीन ट्रेंत डायकॉन्ड्राच. मायक्रोलीना यापुढे फक्त मागच्या मधल्या जागी आणि लोमँड्राच्या सोबतीला. पोटाखालची जमीन म्हणून डायकॉन्ड्रासमोर ते टिकत नाही. रोपं विकत आणायची गरज नाही. बाहेरच्या ट्रे १ मधून ५ सें.मी.चे चौकोन, तळाशी तीन सें.मी. मातीसह, सुरीने कापले. ट्रेमागे आठ, असे २४. कापलेल्या जागी ताजी माती भरली. चारी बाजूंनी धुमारे आत येतील.

ट्रे ९, १० आणि ११ सावलीत, वरून ओले गोणपाट, बुचं उघडी. २२ नोव्हेंबरला ओढून पाहायचे. जागचे हलले तर आणखी दोन आठवडे बाहेरच.